फ्लोरिन मिसळलेली सिलिका आणि तापमानाबरोबर वाढणारा ध्वनिवेग: एका मोजणीची हकिगत

बहुतेक घन पदार्थ तापले की थोडे मऊ पडतात. अणूंमधलं अंतर वाढतं, ताठपणा घटतो आणि त्यातून जाणाऱ्या ध्वनीचा वेगही कमी होतो. सिलिका काच याच्या उलट वागते. खोलीच्या तापमानाला तिचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, दर अंशाला साधारण १९० पीपीएमने (दहा लाखात १९० भागांनी) वाढतो. वेग हा ताठपणाच्या वर्गमूळावर चालतो, म्हणून वेगाची वाढ त्याच्या साधारण निम्मी. मोबाइलमधले रेडिओ फिल्टर बनवणारे लोक सिलिकाच्या थरासाठी दर अंशाला अधिक ८५ पीपीएम हा आकडा धरून चालतात. ही वाढ बरीच वरपर्यंत, हजार अंशांच्या आसपासपर्यंत टिकते. खालच्या बाजूला ६०-७० केल्व्हिनजवळ वेगाचा तळ येतो. साध्या खिडकीच्या सोडा-लाइम काचेत हा गुण उरत नाही. सोडियमने सिलिकॉन-ऑक्सिजनचं जाळं तोडलं की ती इतर पदार्थांसारखीच तापल्यावर मऊ पडते. म्हणजे ‘काचेत काहीतरी मिसळलं’ एवढं सांगून भागत नाही. काय मिसळलं आणि ते जाळ्यात कुठे बसलं, यावर सगळं ठरतं.

या उलट्या वागण्याचा उपयोग मोबाइलच्या फिल्टरमध्ये होतो. लिथियम नायोबेट या स्फटिकाच्या १२८ अंश वाय-कट (ठरावीक कोनात कापलेल्या) वेफरवर, म्हणजे पातळ चकतीवर, एक्स दिशेने धावणाऱ्या पृष्ठलहरीची, म्हणजे ‘सॉ’ची, वारंवारता दर अंशाला सुमारे ७५ पीपीएमने घटते. अमेरिकेतल्या पीसीएस या मोबाइल पट्ट्यात फोन १८५० ते १९१० मेगाहर्ट्झवर पाठवतो आणि १९३० ते १९९० वर ऐकतो. मधे मोकळे फक्त २० मेगाहर्ट्झ. उणे ३० ते अधिक ८५ अंश म्हणजे ११५ अंशांचा पल्ला. त्याला ७५ ने गुणलं की ८६२५ पीपीएम, आणि १९०० मेगाहर्ट्झवर ते होतात सुमारे १६ मेगाहर्ट्झ. मधली मोकळी जागा जवळजवळ सगळी तापमानच खाऊन टाकतं. म्हणून वेफरवरच्या धातूच्या इलेक्ट्रोडवर सिलिकाचा थर चढवतात. खालचा स्फटिक मंदावतो, वरचा थर वेगावतो आणि दोघांची बेरीज शून्याकडे येते. अडचण अशी की शुद्ध सिलिकाचा थर त्यासाठी जाड लागतो, लहरीच्या लांबीच्या साधारण ०.३ पट, आणि थर जितका जाड तितकं विद्युत-यांत्रिक जोडणीचं बळ कमी, म्हणजे फिल्टरचा पट्टा अरुंद. थराचाच गुणांक वाढवता आला तर कमी जाडीत काम भागेल.

इथे फ्लोरिन येतो. जपानमध्ये चिबा विद्यापीठ आणि तैयो युदेन यांच्या संशोधकांनी २०११-१२ च्या सुमारास दाखवलं की सिलिकाच्या थरात फ्लोरिन वाढवत नेला की वेगाचा तापमान गुणांकही वाढत जातो. ते वाचून आपल्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर तोच गुणांक मोजायला बसलं की लक्षात येतं, वारंवारता मोजणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. मोजलेल्या बदलातला किती वाटा थराचा, किती स्फटिकाचा, किती केबलचा आणि किती हवेतल्या पाण्याचा, हे वेगळं करण्यातच सगळी मेहनत जाते. पुढची सगळी मांडणी त्या एका कामासाठी आहे.

आधी चिप. लहरीची लांबी ८ मायक्रॉन घेतो, म्हणजे इलेक्ट्रोडचं प्रत्येक बोट (बारीक धातुपट्टी) २ मायक्रॉन आणि मधली फट २ मायक्रॉन. साध्या कॉन्टॅक्ट अलाइनरवर (प्रकाशाने आकृती उठवणाऱ्या यंत्रावर) लिफ्ट-ऑफने, म्हणजे नको असलेला धातू खालच्या प्रकाशसंवेदी लेपासकट (रेझिस्ट) उचलून, हे व्यवस्थित निघतं. वेग सुमारे ३९९० मीटर प्रति सेकंद धरला तर वारंवारता ५०० मेगाहर्ट्झच्या जवळ. ॲल्युमिनियम १०० नॅनोमीटर पुरतं. त्याहून जाड केलं तर वरच्या थरात बोटांचे उंचवटे उमटतात, आणि थर चढवायच्या ३०० अंशांच्या प्लाझ्मा चेंबरमध्ये ॲल्युमिनियमला फोडही येतात. खऱ्या फिल्टरमध्ये ॲल्युमिनियमऐवजी तांबं वापरतात, कारण सिलिकाखाली दबलेलं ॲल्युमिनियम लहरीला जवळजवळ दिसतच नाही आणि परावर्तन मिळत नाही. आपल्याला मात्र इथे परावर्तन नकोच आहे, तेव्हा ॲल्युमिनियम सोयीचं.

आखणी अशी: मधे एक २० जोड्यांचा ट्रान्सड्यूसर (विद्युत संकेताची लहर करणारी बोटांची रचना), छिद्ररुंदी, म्हणजे लहरीच्या पट्ट्याची रुंदी, ५० लहरलांब्या म्हणजे ४०० मायक्रॉन. तो दोन्ही बाजूंना लहर सोडतो. डावीकडे २.४ मिलिमीटरवर एक ग्राहक ट्रान्सड्यूसर, उजवीकडे ६.४ मिलिमीटरवर दुसरा. दोन्ही ग्राहक समांतर जोडून नेटवर्क ॲनालायझरच्या (वारंवारतेनुसार संकेताची तीव्रता आणि फेज मोजणाऱ्या यंत्राच्या) एकाच पोर्टला. वेळेच्या अक्षावर बघितलं की एक ठोका ०.६ मायक्रोसेकंदावर आणि दुसरा १.६ वर दिसतो. दोन्ही एकाच केबलमधून, एकाच जोडणीतून आलेले असल्यामुळे दोघांच्या फेजची (लहर आवर्तनात कुठे आहे त्या कोनाची) वजाबाकी केली की केबल, बाँडवायर, ट्रान्सड्यूसर सगळं कटतं. उरते ती फक्त ४ मिलिमीटर मोकळ्या वाटेची फेज, म्हणजे नेमक्या ५०० लहरलांब्या.

२.४ आणि ६.४ हे विचित्र आकडे मुद्दाम आहेत. गोल आकडे म्हणून २ आणि ६ मिलिमीटर घेतले तर जवळच्या ग्राहकावरून उलटून, मधल्यावरून पुन्हा उलटून येणारा तिहेरी प्रवासाचा प्रतिध्वनी बरोबर ६ मिलिमीटरची वाट चालतो आणि लांबच्या ठोक्याच्या डोक्यावर येऊन बसतो. मग फेज तापमानाबरोबर लाटांसारखी वरखाली होते आणि त्यात थराचा गुण शोधत बसावं लागतं. आमच्या आखणीत तो प्रतिध्वनी १.८ मायक्रोसेकंदावर येतो. ठोक्याची एकूण रुंदी ८० नॅनोसेकंदांच्या आसपास असते, म्हणून १२० नॅनोसेकंदांची खिडकी लावून तो सहज बाहेर ठेवता येतो. चिपच्या कडांवरून येणारी परावर्तनं मारायला दोन्ही टोकांना इपॉक्सीचा जाडसर थेंब लावायचा आणि शक्य असेल तर कडा तिरकी कापायची.

फेजचा हिशोब डोक्यात असू द्यावा. ५०० लहरलांब्या म्हणजे १,८०,००० अंश. कोऱ्या चिपवर दर अंश तापमानाला ७५ पीपीएम म्हणजे फेजमध्ये १३.५ अंश. एका मोजणीत दहा अंशांपेक्षा मोठी उडी घेतली तर फेजची गुंडाळी उलगडताना पूर्ण फेरा चुकण्याची भीती, म्हणून पाच-पाच अंशांच्या पायऱ्या. ॲनालायझरची फेज ०.१ अंशापर्यंत भरवशाची धरली तरी ती चूक ०.६ पीपीएमहून कमी. साठ अंशांच्या पल्ल्यावर उतार काढला की इलेक्ट्रॉनिक्सची चूक विसरून जायला हरकत नाही.

केबलबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण एकच लांबीची डिले लाइन वापरणाऱ्यांना ती हमखास गाठते. टेफ्लॉन भरलेल्या कोॲक्स केबलमध्ये १९ अंशांच्या जवळ टेफ्लॉनची स्फटिकरचना बदलते आणि केबलची विद्युत लांबी तिथे एकदम वळण घेते. चेंबरच्या आतबाहेर जाणारी केबल नेमकी या तापमानातून जाते. आलेखावर २० अंशांजवळ छानसा गुडघा दिसतो आणि तो थराचा गुणधर्म आहे असं वाटू शकतं. दुहेरी वाटेने हा प्रश्नच राहत नाही.

ॲनालायझरवर ६० मेगाहर्ट्झचा पट्टा, १६०१ बिंदू, १ किलोहर्ट्झ आयएफ बँडविड्थ (यंत्राच्या आतल्या गाळणीची रुंदी) आणि उणे १० डीबीएम शक्ती. बिंदूंमधलं अंतर ३७.५ किलोहर्ट्झ, त्यामुळे २६ मायक्रोसेकंदांपर्यंत वेळेची गुंडाळी होत नाही. थर चढवल्यावर लहर मंदावते आणि मध्यवारंवारता खाली सरकते, म्हणून पट्टा नव्याने मध्यावर आणायचा.

थर चढवण्याआधी प्रत्येक कोरी चिप पूर्ण पल्ल्यात मोजायची. ही पायरी वेळखाऊ वाटते आणि बरेच जण ती गाळतात, पण पुढच्या सगळ्याचा पाया तीच आहे. कोऱ्या चिपचं उत्तर आधीच माहीत असतं. उणे ७५ च्या एक-दोन पीपीएम इकडेतिकडे आलं तर ठीक. उणे ७० आलं तर तापमान मोजण्यात चूक आहे. बहुतेक वेळा तापमानाचा प्लॅटिनम सेन्सर चकमध्ये, म्हणजे खालच्या तापवत्या बैठकीत, रुतलेला असतो आणि चिप वर पॅकेजमध्ये, मधे तापमानाची दरी. सेन्सर चिपच्या शेजारी, त्याच पॅकेजच्या तळाला औष्णिक पेस्टने चिकटवायचा. सगळीकडे सारखी ०.२ अंशांची चूक असली तरी चालते, उताराला ती लागत नाही. पल्लाच एक टक्का चुकला तर मात्र गुणांक एक टक्का चुकतो. प्रत्येक पायरीवर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, आणि फेज स्थिर झाली की नाही हे तापमानाच्या आकड्यावरून न ठरवता फेजवरूनच ठरवायचं. लहर पृष्ठभागापासून साधारण एका लहरलांबीपर्यंतच खोल जाते, तेव्हा चिप स्वतःच सर्वांत चांगला थर्मामीटर असते.

लिथियम नायोबेटचा स्वभाव इथेच सांगतो. तो पायरोइलेक्ट्रिक आहे. भराभर तापवला की पृष्ठभागावर विद्युतभार जमतो, बोटांमध्ये ठिणगी पडते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बोटांची टोकं वितळलेली दिसतात. हॉटप्लेटवर थेट ठेवलेला वेफर दुभंगतो तोही याच कारणाने आणि औष्णिक धक्क्याने मिळून. रेझिस्ट भाजतानाही ताटली थंड असताना वेफर ठेवायचा आणि मिनिटाला दोन-तीन अंशांनी वर न्यायचं. आखणीत सगळ्या ट्रान्सड्यूसरच्या दोन्ही पट्ट्या बारीक धातुरेषेने एकमेकींना जोडून ठेवायच्या आणि ती रेषा चिप कापताना कापली जाईल अशी काढायची. ‘काळे’ म्हणजे क्षपण केलेले (थोडा ऑक्सिजन काढून घेतलेले) वेफर मिळाले तर बराच ताप वाचतो.

आता थर. प्लाझ्मा सीव्हीडीमध्ये, म्हणजे प्लाझ्माच्या मदतीने वायूंमधून थर चढवण्याच्या पद्धतीत, सुरुवातीची रेसिपी बऱ्याच यंत्रांवर चालणारी: नायट्रोजनमध्ये ५ टक्के सायलेन १७० एससीसीएम (मिनिटाला प्रमाण घन सेंटिमीटर), नायट्रस ऑक्साइड ७१० एससीसीएम, दाब १००० मिलिटॉर, शक्ती २० वॉट, तापमान ३०० अंश. थर मिनिटाला ७० नॅनोमीटरच्या आसपास वाढतो. १.६ मायक्रॉन, म्हणजे लहरलांबीच्या ०.२ पट, थराला तेवीस मिनिटं. फ्लोरिनसाठी याच मिश्रणात कार्बन टेट्राफ्लोराइड २०, ४०, ६० एससीसीएम असं वाढवत न्यायचं. सिलिकॉन टेट्राफ्लोराइडने थर अधिक स्वच्छ होतो, पण त्या वायूची नळी प्रत्येक यंत्राला नसते. फ्लोरिन वाढेल तसा वाढीचा वेग घटतो, कारण प्लाझ्मातला फ्लोरिन एका हाताने थर खरवडतही असतो. म्हणून वेळ ठरवून थर चढवायचा नाही, प्रत्येक प्रवाहाला आधी सिलिकॉनवर चाचणी करून दर काढायचा. सायलेन आणि फ्लोरिन एकत्र आले की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, तेव्हा पंपानंतरचा स्क्रबर (घातक वायू धुणारं यंत्र) चालू आहे का हे बघितल्याशिवाय झडप उघडायची नाही.

क्रम उलटा झाला तर प्रयोग वाया जातो. शुद्ध सिलिकाचे तुलनेचे थर आधी, फ्लोरिनचे नंतर. फ्लोरिनच्या फेरीनंतर, किंवा चेंबर कार्बन टेट्राफ्लोराइड आणि ऑक्सिजनने धुतल्यानंतर, भिंतींवर फ्लोरिन उरतो आणि पुढच्या ‘शुद्ध’ थरात शिरतो. धुतल्यावर रिकाम्या चेंबरमध्ये ३०० नॅनोमीटर शुद्ध सिलिका चढवून भिंती झाकून घ्यायच्या. शुद्ध थराच्या इन्फ्रारेड आलेखात प्रति सेंटिमीटर ९३५ च्या आसपास उंचवटा (फ्लोरिनची खूण) दिसला की पहिला संशय भिंतींवर घ्यावा.

जोडणीचे पॅड झाकायला कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) नको, ३०० अंशांवर तिचा गोंद मागे राहतो. सिलिकॉनचा कापलेला तुकडा वर ठेवला की काम होतं. थर चढवून नंतर बफर्ड एचएफने (हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या मिश्रणाने) पॅड उघडायचा विचारही करू नये, ते ॲल्युमिनियमही खातं.

प्रत्येक रेसिपीचे साक्षीदार ठेवायचे: एक १०० मिलिमीटरचा सिलिकॉन वेफर वजनासाठी आणि दोन्ही बाजू चकचकीत असलेला फ्लोट-झोन (ऑक्सिजन फारसा नसलेल्या) सिलिकॉनचा तुकडा इन्फ्रारेडसाठी. वजनाची पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे. १०० मिलिमीटर वेफरचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, त्यावर १ मायक्रॉन सिलिका म्हणजे घनता २.२० धरून १७.३ मिलिग्रॅम. ०.१ मिलिग्रॅमच्या तराजूवर घनता टक्क्याच्या आत येते, अट एवढीच की जाडी एलिप्सोमीटरने (परावर्तित प्रकाशावरून थर मोजणाऱ्या यंत्राने) वेफरवर अनेक ठिकाणी मोजून तिची सरासरी घेतलेली असावी. मध्यावरची जाडी सगळ्या वेफरची धरली तर घनतेत दोन-तीन टक्क्यांची चूक सहज शिरते. त्याच एलिप्सोमीटरवर अपवर्तनांकही दिसतो: शुद्ध थराचा १.४६ च्या जवळ, फ्लोरिन भरपूर असलेल्याचा १.४२-१.४३ पर्यंत उतरलेला. अपवर्तनांक उतरला नाही तर फ्लोरिन थरात शिरलेला नाही, वायूचा प्रवाह काहीही दाखवो.

इन्फ्रारेड हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका भाग. सिलिका म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या चौफलकांचं जाळं. ऑक्सिजनच्या सांध्यावरचा कोन सरासरी १४४ अंशांच्या आसपास, पण काचेत तो सगळीकडे सारखा नसतो. तापमान वाढलं की हे सांधे वळून जाळ्याची स्थानिक ठेवण बदलते, आणि बदललेली ठेवण अधिक ताठ असते. बंध सैल होण्याचा नेहमीचा परिणाम त्यापुढे फिका पडतो. फ्लोरिन सिलिकॉनला एकाच हाताने धरतो. त्यामुळे जाळ्यातला एक दुवा तुटतो, जाळं मोकळं होतं आणि उरलेल्या सांध्यांचे कोन रुंदावतात. कोन रुंदावला की सिलिकॉन-ऑक्सिजनच्या असममित ताणाचा मुख्य शोषणपट्टा वरच्या तरंगांकाकडे सरकतो. शुद्ध थरात तो प्रति सेंटिमीटर १०७० ते १०८० दरम्यान असतो, फ्लोरिनयुक्त थरात १०९० कडे जातो. वेगाचा तापमान गुणांक या सरकण्याबरोबर चालतो. म्हणून आठ रेसिपी करून आठही चिपवर मोजत बसण्यापेक्षा आठही साक्षीदारांचे आलेख काढायचे आणि पट्टा सर्वांत वर सरकलेल्या दोन-तीन रेसिपीच चिपवर न्यायच्या.

पण हे सरकणं जेमतेम दहा-पंधरा एककांचं असतं, त्यामुळे निष्काळजीपणा चालत नाही. विभेदन २ एककांचं ठेवायचं. इन्फ्रारेडच्या साक्षीदारावरचा थर २०० नॅनोमीटरचाच हवा, म्हणून तो त्याच रेसिपीने पण वेगळ्या, छोट्या फेरीत चढवायचा. १.६ मायक्रॉनच्या थरात मुख्य पट्टा इतका काळा होतो की शिखर सपाट पडतं आणि त्याची जागा काढणं निरर्थक. सगळे साक्षीदार एकाच जाडीचे हवेत, कारण जाडीबरोबरही शिखर थोडं सरकतं. लिथियम नायोबेटवरचा थर या भागात बघता येत नाही, स्फटिकच अपारदर्शक असतो. आणि चोक्राल्स्की (वितळलेल्या द्रवातून ओढून काढलेला) सिलिकॉन वापरला तर त्यात विरघळलेल्या ऑक्सिजनची रेघ ११०७ वर, म्हणजे आपल्या शिखराच्या खांद्यावरच बसते. फ्लोट-झोनचा आग्रह त्यासाठी. संदर्भ म्हणून त्याच वेफरचा कोरा तुकडा.

सिलिकॉन-फ्लोरिन बंधाची रेघ ९३५ च्या जवळ येते. दुर्दैवाने सिलिकॉन-हायड्रॉक्सिलही तिथेच, ९३०-९४० ला शोषतो. ओल धरलेला थर म्हणून फ्लोरिनने समृद्ध दिसू शकतो. भेद करायचा तर ३६५० आणि ३४०० जवळ बघायचं. तिथे काहीच नसेल तर ९३५ ची रेघ फ्लोरिनची. तिथे रुंद टेकडी असेल तर तो थर बाजूला ठेवायचा, त्यावरचा कुठलाही आकडा टिकाऊ नाही.

ओल हीच फ्लोरिनयुक्त सिलिकाची खोड आहे. चिपच्या तारांमधलं विद्युतरोधक म्हणून हाच पदार्थ नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वापरात आला, तेव्हाही याच कारणाने त्याचं प्रमाण मर्यादित ठेवावं लागलं. मोकळं जाळं हवेतलं पाणी ओढतं, पाणी फ्लोरिनला हुसकावून हायड्रॉक्सिल बसवतं. यांत्रिकदृष्ट्या थर जड होतो, लहर मंदावते, आणि तापवताना पाणी बाहेर पडू लागलं की तापमानाचा म्हणून दिसणारा बदल प्रत्यक्षात पाण्याचा असतो. ओळखायची खूण सोपी आहे: चढतीचा आणि उतरतीचा आलेख एकमेकांवर बसत नाहीत. पहिल्या फेरीत थोडा फरक आला तर तो थरातला ताण सैल झाल्यामुळेही असू शकतो, दुसऱ्या फेरीत तो नाहीसा होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतही राहिला तर ओल. उपाय म्हणजे थर चढवल्यावर चेंबर न उघडता ५० नॅनोमीटर शुद्ध सिलिकाची टोपी घालायची. सिलिकॉन नायट्राइड पाण्याला जास्त चांगलं अडवतं, पण त्याचा ताठपणा आणि तापमान गुणांक पूर्ण वेगळे. ते वापरायचं तर तुलनेच्या शुद्ध थरावरही तेवढंच चढवायला हवं. त्यानंतर कोरड्या नायट्रोजनमध्ये ३०० अंशांवर एक तास, चढउतार मिनिटाला दोन अंशांनी. मोजणीही कोरड्या नायट्रोजनमध्येच. शून्याखाली जाताना चिपवर दव साचलं की पृष्ठलहर पाण्यात विरून ठोका नाहीसाच होतो.

मोजून आलेल्या उतारातून थराचा गुणांक काढायचा तो असा. एकूण वारंवारतेचा गुणांक म्हणजे स्फटिकाच्या वेगाचा गुणांक त्याच्या वाट्याने, अधिक थराच्या वेगाचा गुणांक त्याच्या वाट्याने, वजा वाटेचं प्रसरण. एक्स दिशेत लिथियम नायोबेट दर अंशाला १५ पीपीएमने प्रसरतो. कोऱ्या चिपचे उणे ७५ म्हणजे वेगाचे उणे ६०. समजा थराचा वाटा ०.२५ आहे आणि थर शुद्ध, अधिक ८५ चा. तर ०.७५ गुणिले उणे ६० म्हणजे उणे ४५, अधिक २१, वजा १५: एकूण सुमारे उणे ३९. फ्लोरिनच्या थराने तोच आकडा उणे २० वर आला, तर जवळजवळ १९ चा फरक भागिले ०.२५, म्हणजे थराचा गुणांक सुमारे ७५ ने वाढून १६० झाला. पूर्ण भरपाईसाठी शुद्ध थराचा वाटा ०.५२ लागतो, १६० च्या थराचा ०.३४. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

याच हिशोबात धोकाही दिसतो. एकूण आकड्यातली चूक थराच्या आकड्यात चौपट होते. वाट्यात ०.२५ ऐवजी ०.२६ धरलं तर शुद्ध थराचे ८५ चे ७९ होतात. वाटा नुसत्या जाडीवरून ठरत नाही, थराची घनता आणि ताठपणाही त्यात येतो, आणि फ्लोरिनने दोन्ही घटतात. शुद्ध थराचा वाटा तसाच फ्लोरिनच्या थराला लावला की उत्तर चुकलंच म्हणून समजा. आम्ही तो फायनाइट एलिमेंटने (रचनेचे बारीक तुकडे पाडून संगणकावर केलेल्या हिशोबाने) काढतो: एका लहरलांबीचा रुंद काप, खाली सहा लहरलांब्यांचा स्फटिक आणि त्याखाली शोषक थर, बाजूंना आवर्ती सीमा. घनता वजनावरून, जाडी एलिप्सोमीटरवरून. ताठपणा अज्ञात, तो खोलीच्या तापमानाला मोजलेल्या सॉ वेगाशी प्रतिमान जुळेपर्यंत बदलायचा. पॉयसन गुणोत्तर (ओढल्यावर आडवं आकसण्याचं प्रमाण) ०.१७ च धरायचं. ताठपणा बसला की तो ०.१ टक्का वाढवून वेग किती बदलतो ते बघायचं. वेगातल्या सापेक्ष बदलाला ताठपणातल्या सापेक्ष बदलाने भागून दुप्पट केलं की वाटा मिळतो. स्फटिकाचे ऑयलर कोन (तो कसा वळवून कापला आहे ते सांगणारे) शून्य, ३८, शून्य. चिन्ह उलटं पडलं तरी प्रतिमान बिनतक्रार चालतं आणि चुकीचा वेग देतं, म्हणून आधी थराशिवाय चालवून ३९९० च्या जवळ येतं का ते बघावं.

यात एक गोष्ट उरते, जी हिशोबाच्या सूत्रात दिसत नाही. थर स्फटिकाला चिकटलेला आहे. सिलिका स्वतः दर अंशाला ०.५५ पीपीएम प्रसरते, खालचा स्फटिक १५. शंभर अंश तापवलं की थर एक्स दिशेत ०.१४५ टक्के ओढला जातो, म्हणजे सुमारे १२० मेगापास्कलचा ताण. सिलिका दाबली की मऊ पडते आणि ओढली की ताठ होते, हाही तिचा उलटा स्वभावच. त्यामुळे लिथियम नायोबेटवर मोजलेल्या गुणांकात या ओढीचाही भाग असतो. तोच थर सिलिकॉनवर मोजला तर ओढ सातपट कमी आणि आकडाही वेगळा. म्हणून ८५, १६० असे आकडे एका पायावरून उचलून दुसऱ्या पायावर ठेवता येत नाहीत. शुद्ध आणि फ्लोरिनयुक्त थरांची तुलना मात्र एकाच स्फटिकावर, एकाच जाडीत, एकाच टोपीखाली केली तर निर्धास्तपणे करता येते, आणि फिल्टर बनवणाऱ्याला तीच लागते.

शेवटी आलेख २५ अंशांभोवती द्विघाती बसवतो. पहिल्या गुणांकाबरोबर दुसराही लिहून ठेवायचा: पहिला शून्याकडे येतो तसा उरलेला सगळा सरक दुसऱ्याचाच असतो. ठोक्याचं क्षीणनही त्याच फाइलमध्ये आपोआप मिळतं, कोऱ्या चिपच्या तुलनेत दोन ठोक्यांमधला डेसिबलचा फरक किती वाढला ते. फ्लोरिन वाढवताना गुणांक सुधारत असतो, पण एका मर्यादेनंतर हे क्षीणन आणि ३४०० ची टेकडी एकत्रच डोकं वर काढतात. आमच्या यंत्रावर पुढची रेसिपी त्या मर्यादेच्या एक पायरी अलीकडचीच निवडली जाते. निवडलेली चिप उघड्या हवेत काही आठवडे ठेवून परत त्याच पल्ल्यात मोजल्यावरच तिचा आकडा वहीत पक्का होतो.